मिसिंगची तक्रार क्लोज झाली, पण पहिल्या रात्रीचं काय? पोलिसांच्या कामाचा आढावा मागायचा कुठे?

सायली_डोंबिवली

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करायला मोठ्या शहरात रूम घेऊन राहतो. शहराचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण मला एका ठाण्याबद्दल बोलायचं नाहीये. काही महिन्यांपूर्वी संध्याकाळी त्याने मला आणि एका रूममेटला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, मजकूर इथे देत नाही पण वाचणाऱ्याला शंका राहू नये इतका स्पष्ट होता, आणि फोन बंद. मी डोंबिवलीहून निघाले, आईबाबा गावाकडून निघाले, तोपर्यंत रूममेट ठाण्यात गेला तर त्याला म्हणाले तू नातेवाईक नाहीस, घरच्यांना येऊ दे. बाबांनी गावाकडच्या ठाण्यात विचारलं तर ते म्हणाले शहरातून गेलाय तर शहरात द्या तक्रार. मी पोचले तेव्हा रात्र झालेली. तिथलं पहिलं वाक्य, "मोठा माणूस आहे, मोबाईल बंद करून बसला असेल कुठेतरी, सकाळपर्यंत वाट बघा."

मी हटले नाही म्हणून शेवटी फॉर्म घेतला. उंची किती, रंग गहूवर्णी, बांधा सडपातळ, केस काळे, अंगात काय होतं, पायात काय होतं, भाषा कोणत्या येतात. सगळं शांतपणे विचारलं, माणूस वाईट नव्हता. पण मी फोन पुढे करून तो मेसेज दाखवत होते तर म्हणाले "ते राहू द्या, आधी फोटो द्या". मेसेजसाठी फॉर्ममध्ये जागाच नव्हती. त्या अख्ख्या कागदावर माझा भाऊ जीव द्यायच्या विचारात आहे हे एका ओळीतही आलं नाही.

भाऊ सापडला. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवर. तिथल्या वाहतूक नियंत्रकाच्या लक्षात आलं की हा पोरगा कधीपासून बसलाय, गाड्या येतायत जातायत, हा उठत नाही. त्यांनी चहा पाजला, शेजारी बसून बोलत राहिले, घरचा नंबर काढून घेतला आणि बाबांना फोन केला. त्या माणसाचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण त्या स्टँडवर पोलीस चौकीही आहे, आणि तिथे आमच्या मिसिंगचा मेसेज पोचलेला नव्हता.

मग भावाला ठाण्यात नेऊन जबाब घेतला, हॉलमध्येच, बाजूला दोन पार्ट्यांचं पार्किंगवरून भांडण चाललेलं. जबाबात लिहिलं "अभ्यासाच्या टेन्शनमुळे कोणास काही एक न सांगता निघून गेलो होतो, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही". सही, मिसिंग क्लोज.

भाऊ आता ठीक आहे, ट्रीटमेंट चालू आहे, आणि मी हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय. नंतर मी ठाण्यात विचारायला गेले की त्या रात्री नेमकं काय काय केलं, लोकेशन कधी मागितलं, मेसेज कुठे कुठे गेला. उत्तर मिळालं, "सापडला ना मॅडम, मग आता काय?"

मला कोणाला सस्पेंड वगैरे करायचं नाही. मला एवढंच हवंय की कोणीतरी वरचा अधिकारी ती रात्र कागदावर मांडून बघेल, कुठे वेळ गेला ते शोधेल, म्हणजे पुढच्या पोराच्या वेळी तो मेसेज कोणीतरी वाचेल. असा आढावा मागायची काही पद्धत आहे का आपल्याकडे? कोणी मागितलाय का?

निवृत्त_अंमलदार

ताई, मी बरीच वर्षं ठाणे अंमलदार म्हणून त्याच टेबलाच्या मागे बसलोय. भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

आतून कसं चालतं ते सांगतो, समर्थन म्हणून नाही. अठराच्या आतलं मूल हरवलं की थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या केसमध्ये तसं बांधूनच दिलंय. गुन्हा म्हटला की तपासी अधिकारी आला, वरिष्ठांचं लक्ष आलं, आठवड्याच्या आढाव्यात नंबर आला. अठरा पूर्ण झाली की फक्त मिसिंग रजिस्टरला नोंद. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा रागावून मामाकडे गेला तर गुन्हा, आणि एकोणीस वर्षांचा चिठ्ठी लिहून गेला तर नोंद. ही मोठी फट आहे आणि ठाण्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ती माहिती आहे.

नोंद झाली की बिनतारी संदेश नियंत्रण कक्षाला जातो, तिथून बाकी ठाण्यांना. आता तो संदेश रात्री साडेदहाला गेला का सकाळी शिफ्ट बदलल्यावर गेला हे सगळं त्या अंमलदारावर. त्यात सगळ्या मिसिंगचा नमुना एकच, नवऱ्याशी भांडून माहेरी गेलेली बाई, प्रेमप्रकरणातली जोडपी, विसरभोळे आजोबा आणि तुमचा भाऊ, सगळे एकाच भाषेत. पलीकडच्या चौकीत तो वाचणाऱ्याला कसं कळणार की यातल्या कोणासाठी आत्ता उठायचंय? ज्याने नोंद घेतली तो सकाळी घरी जातो, तपास ज्याच्या नावावर टाकला तो बंदोबस्ताला असतो.

लोकेशनचं पण लोकांना वाटतं की ठाण्यात बटण दाबलं की येतं. तसं नाही. विनंती वरिष्ठांच्या सहीने कंपनीकडे जाते, एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. रात्री त्यासाठी पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांना झोपेतून उठवावं लागतं, आणि खालचा माणूस उठवायला कचरतो. कारण सांगायचं म्हटलं तर कागदावर नुसतं "निघून गेला" एवढंच असतं. जिवाला धोका आहे हे लिहिलेलं असेल तर उठवायची हिंमत होते.

अजून एक, वाईट वाटून घेऊ नका. कित्येकदा नातेवाईकच हात जोडून सांगायचे, साहेब चिठ्ठीचं लिहू नका, बहिणीचं लग्न ठरलंय, बदनामी होईल, केस होईल. आम्हीही ऐकायचो. तुम्ही स्वतः मेसेज पुढे करत होता आणि तरी घेतला नाही, हे मात्र चूकच झालं.

कोणावर अशी वेळ आली तर स्वतःच्या हाताने साधा अर्ज लिहा, त्यात मेसेजचा मजकूर आणि आलेली वेळ घाला, "जिवाला धोका आहे" हे शब्द घाला, दोन प्रती करा आणि दुसरीवर ठाण्याचा शिक्का आणि वेळ घ्या. फॉर्ममध्ये जागा नसेल पण अर्ज नोंदीला जोडावा लागतो.

सरळ_बोलतो

सगळं पोलिसांवर ढकलायची सवय लागलीये लोकांना. एका ठाण्यात किती स्टाफ असतो, मोर्चे, सण, व्हीआयपी, कोर्ट, सगळं तेच बघतात. दहातले नऊ मिसिंग स्वतःहून परत येतात. पोराचं काय चाललंय हे घरच्यांना आधी कळायला नको का? तो सापडला, देवाचे आभार माना आणि विषय सोडा.

विद्या_वकील

सरळ बोलतो, दहातले नऊ परत येतात असं धरून चाललं तरी दहावा कोण हे ओळखायचं कसं, हाच प्रश्न सायलीने विचारलाय. आणि इथे ओळखणं अवघड नव्हतंच, तिच्या फोनमध्ये लिहून आलेलं होतं. स्टाफ कमी आहे म्हणूनच क्रम लावायला हवा ना, कोणासाठी आत्ता धावायचं आणि कोणासाठी सकाळी.

सायली, आधी चोवीस तासांचं. माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबा असा कुठलाही कायदा नाही, कधीच नव्हता. सिनेमातून लोकांच्या डोक्यात बसलंय आणि दुर्दैवाने काही ठाण्यांच्याही.

बदनामी आणि केसची भीती निवृत्त काकांनी लिहिली त्यावर. जुन्या आयपीसीत ३०९ कलम होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तिच्यात ते कलम घेतलेलंच नाही, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी कोणी प्रयत्न केला तर तेवढं २२६ आहे. त्यामुळे घरच्यांनी मेसेज लपवायचं काही कारण उरलेलं नाही आणि पोलिसांनी "पोरावर केस नको म्हणून लिहिलं नाही" असं सांगायचंही नाही.

आता आढावा. तुला हवाय तसा, म्हणजे माणूस सापडल्यावर आपोआप कोणीतरी वेळेचा हिशोब तपासतो, असा आपल्याकडे नाही. तो आपण कागद गोळा करून घडवून आणावा लागतो. पहिलं, माहिती अधिकार अर्ज. तो भावाच्या सहीने कर, त्याचीच माहिती असल्यामुळे खासगी माहिती म्हणून नाकारायला जागा कमी राहते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द एवढीच मुभा आहे, म्हणून रागाने लांबलचक लिहू नकोस. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. काय मागायचं, तर मिसिंग रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, बिनतारी संदेश कुठे आणि किती वाजता पाठवला त्याची प्रत, मोबाईल लोकेशनसाठीची विनंती कोणत्या तारखेला किती वाजता गेली, तपास कोणाकडे होता. उत्तराला तीस दिवस, नाही आलं की पहिलं अपील. आणि त्या रात्री घरातल्या कोणी ११२ ला फोन केला असेल तर त्याची पण नोंद असते, तो वेळ तुमच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा.

दुसरं लगेच करायचं, सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात आवाजासह रेकॉर्ड करणारे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, तेवढी क्षमता मिळत नसेल तर निदान एक वर्ष. म्हणजे टेबलावर तुला काय सांगितलं गेलं ते असायला हवं. त्या दिवसाचं फुटेज जतन करून ठेवा असा अर्ज आजच दे आणि पोच घे. मिळेल न मिळेल, पण पुसलं गेलं तर का गेलं हे नंतर विचारता येतं.

हे हातात आलं की पोलीस आयुक्त किंवा एसपींकडे जायचं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते मुख्यतः गंभीर गैरवर्तनासाठी, कोठडीतला मृत्यू, खंडणी, बेकायदा अटक असं. तुला शिक्षा नको, कामाची पद्धत बदलायला हवी, तर वरिष्ठांकडे वेळापत्रक मांडून लेखी उत्तर मागणं जास्त उपयोगी.

गौरी_लीड्स

मी मूळची साताऱ्याची, इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य विभागात नर्स आहे. आमच्या वॉर्डमधून पेशंट निघून गेला की पोलिसांना फोन मीच करते बऱ्याचदा, म्हणून इकडचं सांगते, तिकडे उपयोगी पडेल तेवढं घ्या.

इथे मिसिंग घेतानाच जोखीम ठरवावी लागते. चार पायऱ्या आहेत, सध्या धोका दिसत नाही, कमी, मध्यम आणि जास्त. फोनवर उंची आणि कपडे विचारतातच, पण त्याच्या आधी, तो असं काही बोलला का, लिहून ठेवलं का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, औषधं चालू आहेत का, बरोबर नेली का, आज नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. सायलीताईंकडे होता तसा मेसेज असेल तर जास्त जोखीम, म्हणजे लगेच माणसं पाठवायची आणि वरच्या अधिकाऱ्याला कळवायचं. ग्रेड का दिली ते लिहावं लागतं आणि नवी माहिती आली की ग्रेड पुन्हा बघायची. नंतर चौकशी झालीच तर पहिला प्रश्न तोच असतो, मध्यम का दिली, कोणी दिली, किती वाजता. लिहिलेलं असतं म्हणून विचारता येतं. तुमच्या फॉर्मवर मेसेज आलाच नाही, त्यामुळे उद्या कोणी प्रामाणिकपणे आढावा घ्यायला बसला तरी त्याला कागदावर एक सडपातळ मुलगा निघून गेलेला दिसेल, बाकी काही नाही.

दुसरं म्हणजे पोलिसांशी संपर्क झाल्यानंतर माणसाचा मृत्यू झाला तर प्रकरण बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे पाठवावंच लागतं, पोलिसांच्या मर्जीवर नाही. आणि कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी, त्याला वाटलं की यात असं काही आहे ज्याने पुढे दुसरा कोणी जाऊ शकतो, तर तो त्या पोलीस दलाला किंवा हॉस्पिटलला अहवाल पाठवतो. छप्पन्न दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, काय बदलणार आणि कधी, आणि हे अहवाल सहसा वेबसाईटवर सगळ्यांना वाचायला असतात. मी कामासाठी ते वाचते. वाचताना फार त्रास होतो, पण त्यातून आमच्या वॉर्डातले नियम बदललेत हे मी डोळ्याने पाहिलंय.

सगळं छान आहे असं अजिबात नाही. २०२३ ला लँकशरमध्ये निकोला बुली नदीकाठी फिरायला गेली आणि बेपत्ता झाली, तेव्हा पोलिसांनी तिच्या तब्येतीबद्दलच्या खासगी गोष्टी जाहीर सांगितल्या. ती केस आत्महत्येची नव्हती, कोरोनरने अपघाती बुडून मृत्यू असा निष्कर्ष दिला. पण त्या तपासाचा बाहेरच्यांकडून आढावा झाला, अहवाल छापला गेला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की ती माहिती उघड करायची गरज नव्हती. आणि त्याच वर्षी देशभर धोरण आलं की मानसिक आरोग्याच्या प्रत्येक कॉलला पोलीस जाणार नाहीत, गुन्हा असेल किंवा जिवाला नाहीतर गंभीर इजेचा खरा आणि तातडीचा धोका असेल तरच. त्यावरून आम्हा नर्सेसचे आणि पोलिसांचे फोनवर वाद होतात, कारण तातडीचा धोका कोणता हे ठरवण्यातच वेळ जातो.

सायलीताई, तो हॉलमधला जबाब वाचून मला फार वाईट वाटलं. परत आलेल्या माणसाशी बोलणं हा शोधाइतकाच महत्त्वाचा भाग. कुठे गेला होतास, कशाने थांबलास, परत तसं वाटलं तर कोणाला सांगशील. हे एका खोलीत, दार लावून, घाई न करता विचारायचं असतं. पुन्हा घर सोडेल का याचा अंदाज तिथेच येतो.

शिवार_यवतमाळ

माझे वडील गेले. जास्त लिहवत नाही.

ते दुपारी शेतातून घरी आले नाही तेव्हा आम्ही पोलीस पाटलाला सांगितलं, त्याने ठाण्यात फोन लावला, ठाणं लांब, गाडी दुसरीकडे गेलेली. गावातली पोरं टॉर्च घेऊन शिवारात पांगली. पोलीस आले तेव्हा पंचनाम्यालाच आले.

नंतर चौकशी झाली आमच्याकडे, नाही असं नाही. तहसीलदार आले, तलाठी आले, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, कारण शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या मदतीला पात्र का अपात्र हे कमिटीला ठरवायचं होतं. सगळे कागद मागितले. पण फोन किती वाजता केला आणि गाडी किती वाजता निघाली हे कोणीच विचारलं नाही, त्याचा कागदच नाही. सायलीताई तुमचं बरोबर आहे. सोडू नका.

राहुल_भाईंदर

शिवार, तुमच्या दुःखात सहभागी आहे.

एक आठवलं म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या ऑफिसातून दिल्ली पोलिसांना फोन आला होता की एका अकाऊंटवरच्या पोस्टवरून तो माणूस स्वतःला इजा करेल असं वाटतंय. नंबर दिल्लीतला निघाला, तो बायकोकडे, माणूस मुंबईकडे नोकरीला. दिल्लीच्या सायबरवाल्यांनी मुंबईच्या सायबरला कळवलं आणि त्याच रात्री आमच्या भाईंदरमधून त्याला शोधून काढलं, जिवंत. दोन राज्यांचे पोलीस, कोविडचा काळ, शनिवारची रात्र, तरी जमलं. म्हणजे आपल्या पोलिसांना जमत नाही हे खरं नाही. तिथे पहिल्याच फोनला सांगितलेलं होतं की धोका काय आहे, म्हणून सगळे उठले. हेच बहीण टेबलासमोर उभं राहून सांगते तेव्हा का उठत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

आणि पोलीस हलेपर्यंत घरच्यांनी, त्याच्या लॅपटॉपवर मेल उघडं असेल तर गुगलचं फाईंड हब (आधीचं फाईंड माय डिव्हाईस) बघा, बँकेच्या मेसेजवरून शेवटचं यूपीआय कुठे झालं ते बघा, आणि मिळालेलं सगळं लगेच ठाण्यात लेखी द्या. फोन बंद असला तर टॉवरवाल्यांकडे शेवटची जागाच असते, आणि गावाकडे एकेक टॉवर काही किलोमीटरचा भाग धरतो.

सायली_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवार, तुमचं वाचून खूप वेळ काही टाईप करता आलं नाही. मी अर्ज करेन त्यात फोनची वेळ आणि गाडी निघाल्याची वेळ हे दोन रकाने सगळ्या मिसिंगला असावेत असं लिहिणार आहे, तुमच्यामुळे सुचलं.

विद्याताई, भावाशी बोलले, तो सही करायला तयार आहे. तो म्हणाला की अर्जात त्या वाहतूक नियंत्रकांनी काय केलं ते पण लिही, पोलिसांना दाखव की चहा देऊन शेजारी बसायला नियम लागत नाही. आरटीआयमध्ये ते बसणार नाही पण आयुक्तांच्या पत्रात पहिल्या पानावर टाकतेय. सीसीटीव्हीचा अर्ज उद्याच देते. पत्रात तीनच गोष्टी मागणार आहे, मिसिंगच्या फॉर्मवर जिवाला धोका आहे का हा प्रश्न, हो असेल तर संदेशावर तसं ठळक लिहिणं, आणि सापडलेल्या माणसाचा जबाब बंद खोलीत. गौरीताई, तुम्ही लिहिलेले प्रश्न जसेच्या तसे जोडले तर चालेल का?

वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःलाच असं काही वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो. भावाने स्वतः सांगितलंय लिहायला.

गौरी_लीड्स

जोडा ना, बिनधास्त. मी मराठीत नीट लिहून पाठवते, मेसेज केलाय.

निवृत्त_अंमलदार

ताई, अर्जात एक भर घाला. नुसतं मिसिंग रजिस्टर मागाल तर एक पान देतील. त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची स्टेशन डायरी मागा, तिच्यात कोण किती वाजता आलं, कोणाला कुठे पाठवलं हे ओळीने असतं. भावाचा रूममेट पहिल्यांदा गेला होता आणि त्याला परत पाठवलं, ती नोंद आहे का ते तिथेच दिसेल. पत्राचा मसुदा मला दाखवायचा असेल तर दाखवा, साहेब लोक कोणती ओळ आधी वाचतात ते मला माहिती आहे.